आगोट, वळीव आणि उपकारस्तुती : मराठी ख्रिस्ती परंपरेतील ऋतुबोध

गोव्याच्या साष्टी तालुक्यातील राय या गावी दरवर्षी ५ ऑगस्टला भाताची पहिली कणसे कापली जातात. धर्मगुरू शेतात उतरतात, विळ्याने कणसे कापतात, ती आशीर्वादून चर्चमध्ये नेली जातात आणि तेथून घरोघरीच्या वेदीवर जातात. कोकणीत या सणाला कणसांचे फेस्त म्हणतात. गोव्यातील या सणांच्या मालिकेचा आरंभ रायपासून होतो आणि पुढे ताळगाव येथे २१ ऑगस्टला तो पणजीच्या वेशीशी येऊन पोहोचतो. रायच्या चर्चचे नाव मात्र विचार करावयास लावणारे आहे. ते 'हिमाच्या मातेचे' चर्च होय. चौथ्या शतकात ऐन ऑगस्टच्या उन्हाळ्यात रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर हिम पडले आणि तेथे मरियेचे मंदिर उभारले गेले, अशी आख्यायिका आहे. तिचा स्मरणदिन ५ ऑगस्ट. ज्या भूमीने कधी हिम पाहिले नाही, त्या भूमीत, श्रावणाच्या सुमारास, गुडघाभर चिखलात उभे राहून, हिमाच्या मातेच्या नावाने नवे भात स्वीकारले जाते. या विसंगतीकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही, आणि हीच गोष्ट प्रस्तुत लेखकास अभ्यासयोग्य वाटते.

ऋतूंच्या सौंदर्यात ईश्वराचा उपकार पाहणे ही ख्रिस्ती धर्मजीवनातील जुनी वृत्ती आहे. जलप्रलयानंतर पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन यांचा क्रम खंडणार नाही असे अभिवचन नोहाला मिळाले, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा तिच्या मुळाशी आहे. परंतु ऋतू ही सार्वत्रिक वस्तू नव्हे. बायबलमधील ऋतू पॅलेस्टाईनचे, चर्चच्या पंचांगातील ऋतू युरोपचे आणि ज्या शेतकऱ्याने महाराष्ट्रात वा गोव्यात ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्याचे ऋतू मोसमी पावसाचे. ही तीन पंचांगे एकमेकांवर बसविताना काय घडले, आणि ज्यांच्या मालकीची जमीन नव्हती किंवा ज्यांच्या रानात पाऊस पडलाच नाही त्यांनी कृतज्ञता कशी व्यक्त केली, या दोन प्रश्नांचा मागोवा येथे घेण्याचा प्रयत्न केला आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासात धर्मांतर, भाषा आणि जातिप्रश्न यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मानाने ऋतू आणि शेती हा विषय उपेक्षित राहिला आहे, असे वाटते.

भाषांतरातील पाऊस

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. पॅलेस्टाईनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिला पाऊस येतो, उन्हाने कठीण झालेली जमीन नरम होते आणि पेरणी सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये शेवटचा पाऊस येतो, त्याने दाणा भरतो. मग जवाची आणि गव्हाची कापणी होते. त्यानंतर सारा उन्हाळा कोरडा जातो. वल्हांडण जवाच्या कापणीच्या तोंडावर, पन्नासाव्या दिवसाचा सण गव्हाच्या हंगामाशी आणि मंडपांचा सण फळे व द्राक्षे गोळा झाल्यावर, असा हा क्रम आहे. जुन्या करारात ईश्वराच्या कृपेचे वर्णन करताना या पहिल्या व शेवटच्या पावसाची जोडी पुन्हा पुन्हा येते.

एकोणिसाव्या शतकात घडत गेलेल्या आणि पुढे अनेकदा सुधारलेल्या मराठी बायबलमध्ये या जोडीसाठी 'आगोटीचा' आणि 'वळवाचा' पाऊस असे शब्द रूढ झाले. मराठी वाचकास ते इतके परिचित आहेत की त्यांतील गंमत सहसा लक्षात येत नाही. आपल्याकडे वळीव आधी येतो आणि आगोट नंतर. चैत्र-वैशाखातल्या तापलेल्या दुपारी ढग भरून यावेत, धुळीचे लोट उठावेत, गारा पडाव्यात आणि घटकाभरात आकाश मोकळे व्हावे, हा वळीव. त्यानंतर ज्येष्ठात मृगाच्या सुमारास येते ती आगोट. तिच्या आधी सरपण, शेणी, धान्य आणि मसाला यांची बेगमी करायची असते. म्हणजे पॅलेस्टाईनच्या शेतकऱ्याला जो पाऊस वर्षाचा पहिला, तो आपल्या गणनेत दुसरा ठरतो. आणि जो दाणा भरणारा शेवटचा पाऊस, त्याला आपण ज्या पावसाचे नाव दिले तो आंब्याचा मोहर आणि खळ्यावरची रास यांचा शत्रू समजला जातो.

हे भाषांतर चुकले असे म्हणावयाचे नाही. किंबहुना महिन्यांच्या दृष्टीने पाहिल्यास वळवाचा शब्द बरोबरच बसतो, कारण मार्च-एप्रिलचा पाऊस आपल्याकडेही वळवाचाच असतो. भाषांतरकारांनी परका शब्द न घेता शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द घेतला, त्यामुळे ईश्वराचा उपकार मृगाच्या वासासह मराठी घरात शिरला. पॅलेस्टाईनची शेती मात्र दृष्टीआड झाली. कोणताही पाळक ज्येष्ठ महिन्यात आगोटीच्या पावसावर प्रवचन करतो तेव्हा ऐकणाऱ्यांपुढे नगरचे किंवा जालन्याचे रान असते, यरुशलेमची टेकडी नसते. ही किंमत देण्याजोगी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्टीफन्सचा मोगरा

या प्रक्रियेचा आरंभ मराठी मिशनच्या कितीतरी आधी झालेला दिसतो. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) हा इंग्लंडमधील विल्टशायरचा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि उरलेले बहुतेक आयुष्य साष्टीत राहिला. त्याचे सुमारे ११ हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. रायतूर हे रायच्या शेजारचेच स्थान होय. जुन्या पोथ्यांवर बंदी आली होती आणि नवख्रिस्ती लोकांना ऐकावयास काही उरले नव्हते. आपल्या भाषेत पुराण असावे ही त्यांचीच मागणी होती, हे खुद्द ग्रंथातील संवादावरून दिसून येते.

स्टीफन्सने मराठी भाषेची जी स्तुती केली आहे ती सुपरिचित आहे. फुलांत मोगरा, परिमळांत कस्तुरी, पक्ष्यांत मयूर, तशी भाषांत मराठी, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. अभ्यासकांनी हा उतारा भाषाभिमानाचा पुरावा म्हणून वारंवार वापरला. त्यातील ऋतूकडे मात्र लक्ष दिले गेले नाही. मोगरा उन्हाळ्याचा आणि मोर पावसाळ्याचा. विल्टशायरमध्ये वाढलेल्या मनुष्याला सौंदर्याचे उदाहरण द्यावयाचे असता बालपणी पाहिलेले फूल आठवत नाही, चैत्रातले फूल आठवते. अर्थात यातील पुष्कळसा भाग ओवीच्या परंपरेतून आलेला संकेत आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु संकेत स्वीकारणे हीही निवडच असते. सृष्टीच्या निर्मितीची कथा सांगताना जो कवी श्रोत्यांच्या अंगणातील सृष्टी पुढे ठेवतो, तो उपकाराची भावनाही त्याच अंगणात रुजवीत असतो.

याचबरोबर गोव्याच्या इतिहासाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आज्ञापत्राने नवख्रिस्ती कुटुंबांतील वेष, विवाहविधी, खाणेपिणे यांतील अनेक जुन्या चालींवर बंदी घातली. घरातील तुळस आणि अंगावरचे धोतर संशयाचे विषय झाले. अशा वातावरणातही नव्या कणसाचा मान टिकला. हिंदू घरांत गणेशचतुर्थीच्या सुमारास नव्या कणसांची पूजा होते, कोकणात आश्विनी पौर्णिमेस नवान्न करतात. मंगळूरच्या कोकणी ख्रिस्ती समाजात ८ सप्टेंबरच्या मोंती फेस्ताला नव्या भाताचे दाणे घालून घरातील सर्वांनी एकत्र जेवण्याची रीत आहे. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरमध्ये आगेरा साजरा करतो. हे सर्व दिवस एका धाग्याने बांधलेले आहेत. तो धागा म्हणजे भाताची निसवण. संतांचे स्मरणदिन त्या धाग्यावर ओवले गेले. पंचांग रोमचे राहिले, पण कोणता दिवस मोठा व्हावा हे भाताने ठरविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

येथे गावकरी संस्थेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. पहिले कणीस कापण्याचा आणि मिरवणुकीत पुढे असण्याचा मान हा परंपरेने गावकऱ्यांचा, म्हणजे गावच्या जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असणाऱ्यांचा होता. शेतात प्रत्यक्ष रोप लावणाऱ्या बाईचा त्यात वाटा किती, हा प्रश्न सणाच्या गोडव्यात लपून जातो.

खळ्यावरून वेदीकडे

देशावरील चित्र वेगळे आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ठाणे उघडले. मिशनरी न्यू इंग्लंडमधून आलेले. शरद ऋतूत पीक घरात आल्यावर आभारदिन पाळण्याची चाल त्यांच्या रक्तात होती. इंग्लंडमध्ये १८४३ साली कॉर्नवॉलमधील मॉरवेनस्टो गावचा धर्मगुरू रॉबर्ट स्टीफन हॉकर याने आपल्या मंडळीस हंगामाच्या उपकारस्तुतीसाठी बोलाविले आणि त्या उपासनेचे आधुनिक रूप तेथून पसरले. तिच्याबरोबर गीतेही पसरली. माथियास क्लाउडियसच्या १७८२ च्या जर्मन काव्यावरून १८६१ मध्ये इंग्रजीत आलेले सुप्रसिद्ध हंगामगीत हिवाळ्यातील हिमालाही ईश्वराच्या देणग्यांत मोजते. नगरच्या काळ्या रानात जिरायत ज्वारी करणाऱ्याला हिमाचा उपकार समजावून सांगणे सोपे नव्हते.

मराठी मंडळ्यांत हा सण 'कापणीचा सण' किंवा 'हंगामाचा सण' या नावाने रुजला. त्याला एक ठरलेली तारीख नाही. काही गावी बाजरी निघाल्यावर तो होतो, काही गावी शाळू घरात आल्यावर. ही अनिश्चितताच त्याच्या अस्सलपणाची खूण मानावी लागेल. वेदीपुढे कणसे, भोपळे, मेथीच्या जुड्या, अंडी, कधी कोंबडी असे जे असेल ते मांडले जाते आणि उपासनेनंतर बाहेर पटांगणात त्याचा लिलाव होतो. एका भोपळ्याची किंमत चढत चढत बाजारभावाच्या कैकपट होते आणि लोक हसत असतात.

परंतु हे लोक कोण होते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी होती. त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ जमीन नव्हती, किंवा असलीच तर वतनाचा एखादा तुकडा होता. सुगीशी त्यांचा जुना संबंध बलुत्याचा. खळ्यावर रास पडली की सर्वांच्या मागून, हात पसरून, आपला वाटा घ्यावयाचा. तो वाटा हक्काचा असला तरी देणाऱ्याच्या मर्जीचा होता. बाप्तिस्म्यानंतर या हक्कावरून गावात तंटे उभे राहत असत, कारण गावदेवीच्या कामात भाग न घेणाऱ्याला बलुते का द्यावे, असा सवाल पाटील करीत.

अशा माणसाने धान्याची ओंजळ घेऊन वेदीपर्यंत चालत जाणे, हे केवळ एका इंग्रजी चालीचे अनुकरण मानता येईल काय? खळ्यावर तो घेणारा होता, येथे तो देणारा झाला. धान्य कदाचित तेच असेल, दुसऱ्याच्या रानात मजुरीवर मिळविलेले. तथापि ते पुढे नेताना त्याची दिशा बदलली होती. मिशनरी लेखनात या सणाचे वर्णन नवख्रिस्तींच्या भक्तीचे प्रमाण म्हणून होते आणि टीकाकार त्यास परकी चाल म्हणून बाजूला सारतात. दोघांच्याही नजरेतून दिशेचा हा बदल निसटतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही आहे असे गावाने कधी मानलेच नाही, त्याच्या दृष्टीने कृतज्ञता ही प्रतिष्ठेची गोष्ट होती.

फुलांचा कवी आणि दुष्काळ

मराठी ख्रिस्ती निसर्गकाव्याचा विचार रेव्हरंड नारायण वामन टिळकांशिवाय (१८६१-१९१९) पुढे जाऊ शकत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. 'फुलांमुलांचे कवी' हे त्यांचे बिरुद शालेय पुस्तकांनी घरोघरी पोहोचविले. 'वनवासी फूल' ही दीर्घ कविता, पक्ष्यांवरील कविता, 'अभंगांजली' आणि लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्णत्वास नेलेले 'ख्रिस्तायन' यांतून त्यांची दृष्टी कळते. 'उपासना संगीत'मधील त्यांची पदे आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात. बालकवी ठोमरे (१८९०-१९१८) त्यांच्या नगरच्या घरी राहिले होते. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तील ठोमऱ्यांच्या आठवणी वाचताना त्या घरात फूल, पाऊस आणि पोर यांना किती मोकळी वाट होती, ते दिसते. श्रावणाचा मराठी कवी ज्या घरात वावरला ते घर एका ख्रिस्ती पाळकाचे होते, ही वस्तुस्थिती आपल्या वाङ्मयेतिहासात जेवढी ठळक व्हावयास हवी तेवढी झालेली नाही.

टिळकांनी भाषांतरित स्तोत्रांच्या हिमातून मराठी मंडळीची सुटका केली. अभंगाच्या चालीवर म्हणता येणारी कृतज्ञता त्यांनी दिली. ती तुकोबांच्या वळणाची होती, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो ही त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे. त्यांच्या निसर्गाविषयी मात्र एक शंका मनात येते. तो शेतीचा निसर्ग नव्हे. त्यात फूल आहे, पाखरू आहे, पण पाभर, कुळव, रास यांचे चित्र विरळ आहे. ज्याला पावसावर जगावे लागत नाही त्याला पाऊस सुंदर दिसणे सोपे असते, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो सर्वस्वी अन्यायाचा म्हणता येणार नाही.

आणि काळ कोणता होता? टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला. १८९६-९७ चा आणि त्यामागोमाग १८९९-१९०० चा दुष्काळ यांनी दख्खन होरपळून निघाली. नगरच्या मिशन शाळांत दुष्काळात पोरकी झालेली मुले भरली. ऋतूंचा क्रम खंडणार नाही हे अभिवचन ऐकून मोठी झालेली मंडळी डोळ्यांसमोर तो क्रम खंडताना पाहत होती.

या प्रश्नाचे एक उत्तर पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) चरित्रात सापडते. रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात उपासमारीने गेले. पाऊस न पडणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून शेकडो मुली व स्त्रिया केडगावला आणल्या. मुक्ती मिशनच्या जमिनीवर विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, फळबागा लागल्या. रमाबाईंच्या लेखनात उपकारस्तुती विपुल आहे, पण ती निसर्गाच्या शोभेची क्वचितच असते. ती विहिरीला लागलेल्या पाण्याची आणि वेळेवर आलेल्या धान्याची असते. टिळकांच्या फुलाशेजारी रमाबाईंची विहीर ठेवल्याशिवाय मराठी ख्रिस्ती ऋतुबोधाचे चित्र पुरे होत नाही. दोन्हींतील एकच अस्सल असे मानण्याचेही कारण नाही.

विहिरीचा हा धागा पुढेही चालू राहिलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या दशकांत नगर जिल्ह्यात पाणलोट विकासाचे जे काम उभे राहिले, त्यात हर्मन बाकर या स्विस जेझुइटाचा वाटा मोठा होता. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या 'वॉटर' या संस्थेमागे त्यांची प्रेरणा होती. वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस केळीच्या बागा, पानवेली आणि विहिरी यांच्या रक्षणासाठी हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन झाले. त्यात अग्रभागी असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) हे 'सुवार्ता'चे संपादक आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. वसईच्या वाड्यांचे सौंदर्य आणि टँकरने उपसले जाणारे तेथील भूजल हे दोन विषय त्यांनी वेगळे मानले नाहीत.

एम.फिल.च्या कामाच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाने नगर जिल्ह्यातील एका लहान गावी कापणीच्या सणाची उपासना पाहिली. त्या वर्षी परतीचा पाऊस फिरकला नव्हता आणि बाजरीची कणसे पोचट राहिली होती. टेबलावर मांडणी थोडीच होती. एक वृद्ध बाई कापडी पिशवीतून दोनेक किलो ज्वारी घेऊन आली आणि थोडी संकोचून म्हणाली, "अवंदा रानात काई नाई पिकलं, पाळकसायेब. हे बाजारातलं हाय." पाळकांनी पिशवी घेतली आणि बाकीच्या कणसांशेजारी ठेवली. लिलावात त्या ज्वारीला त्या दिवशीची सर्वांत मोठी बोली लागली. घेणाऱ्याने ती पिशवी उचलली, बाईच्या हातात परत दिली आणि पैसे मात्र चर्चच्या पेटीत टाकले. दुष्काळी वर्षांत असे नेहमीच होते, असे नंतर चहा घेताना पाळकांनी सांगितले.